शेंदराखालचे युरेनियम

सानिका आणि ओजस,

मागच्या रविवारी तुम्ही दोघे तिकडच्या संग्रहालयातली एक काचेची पेटी मला फोनवर दाखवत होतात. आत हिरव्या चकत्याचकत्यांचा एक दगड आणि बाहेर धोक्याचा पिवळा त्रिकोण. ओजसने विचारले, "आजी, तू असला दगड कधी हातात धरला आहेस का?" मी "पुष्कळदा" म्हणाले आणि तेवढ्यात तुमच्या आईने फोन काढून घेतला. मी फोनमधूनही काहीतरी पसरवीन असे तिला वाटले असावे. तिची समजूत मी नंतर काढली, पण तुमचे उत्तर अर्धेच राहिले. अलीकडे मला शेजाऱ्यांची नावे आठवत नाहीत, दगडांची मात्र आठवतात. तीही जायच्या आत लिहून टाकलेले बरे. एका दिवाळी अंकाचे संपादकही माझ्या कामाबद्दल लिहा म्हणून मागे लागले आहेत. त्यांना यातलीच प्रत पाठवणार आहे. दोन वेगळी उत्तरे लिहायचा उत्साह आता नाही.

तर, मी दगड ओळखण्याचे काम करत असे. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये वासुमल शेठ नावाच्या सिंधी गृहस्थांचा छोटा कारखाना होता. तिथे शाळा-कॉलेजांसाठी दगडांचे संच बनत. खणाखणांची लाकडी पेटी, प्रत्येक खणात कापसावर एक खनिज आणि खाली त्याचे नाव. मुंबईत भूशास्त्र शिकून, इंग्रजीत प्रबंध लिहून मी शेवटी चिठ्ठ्या चिकटवते, असे तुमचे आजोबा चिडवत. पण चिठ्ठीवर काय लिहायचे हे कोणाला तरी कळावे लागते. वासुमल शेठना ते कळत नसे आणि ते तसे उघड सांगत. "मॅडम, मला सगळे दगड सारखे. तुम्ही बोलाल तो सोना, तुम्ही बोलाल तो खडी."

काही कॉलेजांना किरणोत्सर्गी खनिजेही लागत. त्यांना सरकारी परवानगी लागते, म्हणून आमच्याकडचे तुकडे चण्याफुटाण्याएवढेच असत. अभ्रकाच्या खाणींतून आलेला मखमली काळा, केरळच्या किनाऱ्यावरची तपकिरी वाळू, आणि तुम्ही पाहिलात त्याच्या जातीचा हिरव्या चकत्यांचा. यातला सगळ्यात जड दगड डांबराच्या गोळ्यासारखा दिसतो. हातात घेतला की हात आपोआप खाली जातो. रंग, वजन, घासल्यावर उमटणारी रेघ, यांवरून निम्मी ओळख पटते. भूशास्त्रवाले दगड सर्रास जिभेवर टेकवून पाहतात. या खोलीत मात्र जीभ तोंडातच ठेवायची, डबा बाहेर खायचा, खिडकी कायम उघडी आणि घरी जाताना हात कोपरापर्यंत धुवायचे. मी हे नियम इतके कडक पाळायला लावले की शेठ त्या खोलीला 'मॅडमचा देव्हारा' म्हणू लागले.

या दगडांची गिऱ्हाइके नेहमीच्या गिऱ्हाइकांहून निराळी असत. एका कॉलेजने युरेनियमचा तुकडा परत पाठवला. सोबत तक्रार, की अंधारात चमकत नाही. एक सिनेमावाला आला. त्याला खलनायकाच्या मुठीत हिरवा प्रकाश फेकणारा खडा हवा होता. मी त्याला खरा खडा दाखवला. तो हिरमुसला आणि म्हणाला, "याच्यापेक्षा बाटलीचा तुकडा बरा." अंबरनाथच्या एमआयडीसीत नोकरी केलेले एक काका गुडघ्यांसाठी दगड मागायला येत. उशीखाली ठेवणार होते. मी नकार दिला तर शेठकडे जाऊन माझी तक्रार केली, की बाई औषध दाबून ठेवते. शेठनी त्यांना संगमरवराचा एक गुळगुळीत तुकडा फुकट दिला. गुडघे सुधारल्याचे ते पुढे कित्येक महिने सांगत होते.

आता या दगडांच्या फोटोंबद्दल. फोटो दोन प्रकारचे. एक आपला नेहमीचा, कॅमेऱ्याने काढलेला, शेठच्या कॅटलॉगसाठी. दुसऱ्याला कॅमेरा लागत नाही, उजेडही लागत नाही. काळ्या कागदात गुंडाळलेल्या फिल्मवर दगड ठेवून द्यायचा आणि वाट पाहायची. दगडातून निघणारे किरण कागदातून आरपार जाऊन फिल्मवर उमटतात. दगडात जिथे युरेनियम किंवा थोरियम असेल तिथे डाग, नसेल तिथे काही नाही. दगड स्वतःच स्वतःचा फोटो काढतो, फक्त त्याला घाई करता येत नाही.

मोठी फिल्म महाग पडे. पण कारखान्याच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर हरेश यांचा दातांचा दवाखाना होता आणि दाताच्या एक्स-रेची फिल्म मुळातच बंद पाकिटात येते. पाकीट चहाच्या बिस्किटाहून लहान. त्याची पांढरी बाजू दगडाकडे करायची. मागच्या बाजूला आत शिशाचा पातळ कागद असतो, तिकडून काही उमटत नाही. डॉक्टर मला मुदत संपत आलेली पाकिटे देत आणि स्वतःच ती धुऊनही देत. प्रत्येक वेळी फिल्म उजेडात धरून गंभीरपणे विचारत, "मॅडम, ये किसका दांत है?"

एवढी तयारी पुरे. आता टेकडीची गोष्ट.

किरण मोजायचे आमचे यंत्र, गायगर काउंटर, जवळ काही नसतानाही मधूनच टिक् करते, कारण थोडे किरण जगात सगळीकडेच असतात. भिंतीत, आकाशात, आपल्या हाडांतसुद्धा. ही मुळातली टिकटिक किती हे कळले तरच दगडाची वेगळी काढता येते. माझ्या खोलीत इतके दगड होते की तिथे ते कळणे शक्य नव्हते. म्हणून वर्षातून एकदोनदा मी यंत्र घेऊन बदलापूरच्या पुढे, बारवीच्या बाजूला जाई. तिथला खडक काळा बेसाल्ट. बेसाल्टसारखा गप्प खडक नाही. शिवाय काळ्या कातळावर पिवळ्या-हिरव्या खनिजांचे रंगीत फोटो फार सुरेख येत, त्यामुळे एका फेरीत दोन्ही कामे होत. शेठचा टेम्पो आणि बबन ड्रायव्हर बरोबर असे.

नव्वदचे दशक नुकते लागले होते. त्या वेळी आम्ही एका नव्या टेकडीकडे गेलो. पायथ्याशी ठाकर आदिवासींचा एक लहान पाडा, भाताची खाचरे, आणि थोडे वर उंबराखाली शेंदूर फासलेला देवाचा दगड. फोटो झाले, नमुन्यांची पेटी मी खाली टेम्पोत ठेवून आले आणि यंत्र घेऊन उंबराच्या सावलीत टेकले. यंत्र सुरू केले आणि चणे भाजायला टाकावेत तसा तडतडाट सुरू झाला.

आधी वाटले, माझ्या पदराला काहीतरी चिकटले असावे. पदर झटकला, हात धुतले, लांब जाऊन पाहिले. यंत्र गप्प. परत आले, तडतड. देवाच्या दगडाकडे नेले की वाढे, बाजूच्या कातळावर नेले की थांबे. बेसाल्ट असे बोलत नाही. मी खरोखर घाबरले. दगडाला नव्हे, माझे शिक्षण चुकले की काय म्हणून.

बबन मागेच उभा होता. "बाई, म्हणजे अ‍ॅटम बॉम्बचा माल?"

मी म्हणाले, काही नाही, चल. पण बबनच्या पोटात काही राहत नसे. परतताना बदलापुरात चहाला थांबलो तेव्हा मी टेम्पोतच बसले होते आणि तो टपरीवर हातवारे करून काहीतरी सांगत होता. तेव्हा मी खाली उतरायला हवे होते.

काही आठवड्यांनी एक उंच, सावळ्या बाई कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या. कासोटा घातलेले लुगडे, हातात काठी. बस बदलत, विचारत विचारत त्या पाड्यावरून एकट्या आल्या होत्या. नाव गोमाबाई. देवाच्या त्या दगडाची सेवा त्यांच्या घराकडे होती. चहा घ्यायलाही त्या बसल्या नाहीत.

"बाय, तुज्या यंत्रानं आमच्या देवाला बोल लावलाय. आता तूच तो काढ."

झाले होते असे. टपरीवरची बातमी एका जमिनीच्या दलालापर्यंत पोचली होती. तो सफारी सूट घालून येई म्हणून पाड्यावर त्याला सफारीवाला म्हणत. त्याने लोकांना सांगितले, डोंगरात युरेनियम आहे, सरकार सगळे घेणार, हाती काही लागणार नाही. त्याआधी मला विका. खरे तर त्याला तिथे मुंबईकरांसाठी बंगले बांधायचे होते. पण पाड्यावरच्या लोकांचे काही नातेवाईक बारवी धरणाच्या वेळी गावातून उठले होते. 'सरकार घेणार' हे शब्द त्यांना नवे नव्हते. होळी झाली की सगळ्यांनी जाऊन अंगठे द्यायचे ठरत आले होते. गोमाबाईंची दोन खाचरे होती. त्यांतला भात वर्षभर पुरत नसे, पण तो गेला तर दुसरे काहीच नव्हते.

वासुमल शेठनी मला बाजूला घेतले. "मॅडम, आपला धंदा दगडाचा. जमीन का लफडा आपल्याला नको." मग गोमाबाईंकडे पाहिले, डोके खाजवले, आणि बबनला टेम्पो काढायला सांगितले. बबनला दोन शिव्याही दिल्या, सिंधीत, म्हणजे मला कळू नयेत म्हणून. मला कळल्या.

सफारीवाला पाड्यावरच भेटला. मी यंत्र घेऊन सगळी टेकडी फिरून दाखवली. विहीर, खाचरे, कातळ, सगळे गप्प. फक्त देवाचा दगड तडतडतो. तो म्हणाला, "तेच तर मॅडम. माल पोटात आहे, हे त्याचं तोंड आहे." लोकांनी माना डोलावल्या. माझ्यापेक्षा त्याचे बोलणे जास्त पटण्यासारखे होते, हे मलाही मान्य करावे लागले. यंत्र नुसते बोलते, काय आहे ते सांगत नाही.

दगड तपासायचा तर शेंदूर खरवडायला हवा. मी नुसते विचारले आणि गोमाबाईंची काठी जमिनीवर आपटली. देवाच्या अंगावरून टवकाही काढायचा नाही. देवाने शेंदराचा थर आपणहून टाकला तर गोष्ट वेगळी. शिवाय मला हातही लावता येणार नव्हता. ते त्यांच्या घराचे काम. मी विचारले, देवाला वाहता काय काय? तेल, शेंदूर, नारळ, सणाला कोंबडा. यातले काहीही तडतडत नाही.

तेव्हा मला दाताच्या फिल्म आठवल्या. यंत्राच्या पिशवीत काही पाकिटे कायम असत. मी गोमाबाईंना म्हणाले, खरवडत नाही, देवाचा फोटो काढू. तो स्वतःच काढेल, तुम्ही फक्त पाकिटे बांधा.

"किती येल लागंल?"

आठवडा, मी म्हणाले. कमी दिवसांत उमटले नाही तर पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागले असते. सफारीवाला हसला. त्याला आठवडा चालणार होता.

गोमाबाई आंघोळ करून आल्या. मी एकेक पाकीट पुढे करत होते आणि त्या जुन्या लुगड्याच्या धांदोट्यांनी ती दगडाला बांधत होत्या. पांढरी बाजू देवाकडे, असे मी दर वेळी सांगे. शेवटी त्या वैतागल्या. "बाय, माजी देवाशी वळख तुज्यापेक्षा जुनी हाय." वरून पळसाची पाने, त्यावर घोंगडी. उंबराखाली देव थंडीतापात असल्यासारखा दिसू लागला. पोरेटोरे येऊन पाहून गेली. कुणीतरी म्हणाले, दातदुखी हाय देवाला. ते डॉक्टर हरेशांच्या कानावर घालावेसे वाटले.

त्या आठवड्यात मी घरी काय रांधले, कोणाला काय वाढले, मला आठवत नाही. आजोबा म्हणाले, बेसाल्टमध्ये युरेनियम निघाले तर तुझे नाव होईल. मला नाव नको होते. मला तो दगड बेसाल्टच निघायला हवा होता.

आठव्या दिवशी पाकिटे आणायला गेलो तर गोमाबाईंनी आधी वाईट बातमीच सांगितली. पाड्याच्या टोकाच्या घराला धीर निघाला नव्हता. त्यांनी आदल्याच दिवशी अंगठा दिला होता. मी एक आठवडा मागितला होता, त्यातला सातवा दिवस त्यांना जड गेला. त्या घरातल्या कोणाशी मी पुढे कधी नीट बोलू शकले नाही.

डॉक्टरांनी रांगेतले पेशंट थांबवून फिल्म धुतल्या. काही कोऱ्या निघाल्या. ती पाकिटे उलटी बांधली गेली होती, म्हणजे देवाशी ओळख जुनी असली तरी पाकिटाशी नवी होती. बाकीच्यांवर मात्र काहीतरी होते. मला डागाची अपेक्षा होती. हे डाग नव्हते. बारीक बारीक चौकटी होत्या, एकात एक गुंतलेल्या, कुठे दुमडलेल्या, कुठे फाटलेल्या.

डॉक्टर म्हणाले, पाकीट उलटे असेल, शिशाच्या कागदाची नक्षी उमटली असेल. मी कोऱ्या फिल्म दाखवल्या. उलटी बांधली गेली ती पाकिटे ही, यांच्यावर काहीच नाही. मग त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली, आणि या वेळी दात विचारला नाही.

"मॅडम, आपके भगवान ने तो बनियान पहनी है."

मी हसले, आणि हसता हसता थांबले. बरोबर होते. ही विणलेली वस्तू होती. डोंगर युरेनियम करू शकतो, पण विणकाम करत नाही.

विणलेली आणि तडतडणारी अशी एकच वस्तू मला माहीत होती. तुम्ही ती पाहिलेली नाही. वीज नव्हती तेव्हा लग्नात, भजनात गॅसबत्ती असे, रॉकेलची, पंप मारून पेटवायची. तिच्या आत ज्योतीवर एक लहान जाळीची पिशवी असते, मँटल. ती थोरियमच्या क्षारात भिजवलेली असते. पेटवली की धागा जळून जातो आणि थोरियमची पांढरी राखेची जाळी उरते. तीच तापून लख्ख उजेड देते. बोट लागले तरी मोडते. मी खाली बाजारात जाऊन एक नवी मँटल आणली आणि फिल्मच्या पाकिटावर ठेवली. काही दिवसांनी धुतली. तशाच चौकटी. शेठनी दोन्ही फिल्म शेजारी ठेवून पाहिल्या आणि विचारले, "वरी साईं, ह्याचा सेट बनवायचा का?"

पण मँटल देवाच्या अंगावर आली कुठून, हे कोडे होतेच. ते घेऊन मी पाड्यावर गेले. सफारीवाला आलेलाच होता. दुसऱ्या दिवशी लोकांना तालुक्याला न्यायचे होते. मी फिल्म उन्हात धरून गोमाबाईंना दाखवली आणि विचारले, देवाजवळ कधी गॅसबत्ती लावता का?

त्यांनी फिल्म हातात घेतली. मग जमिनीवरच बसल्या.

त्यांचे यजमान, वारून काही वर्षे झालेले, बत्तीवाले होते. बदलापूर-वांगणीकडच्या लग्नांच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालत. मँटल फुटली की ते ती टाकून देत नसत. पांढरी जाळी तळहातावर घेऊन यायचे आणि देवाच्या अंगावरच्या ओल्या शेंदरात दाबायचे. वर पुन्हा शेंदूर. वर्षानुवर्षे, प्रत्येक लग्नाची.

मी म्हणाले, मी विचारले होते, देवाला काय वाहता, तेव्हा का नाही सांगितले?

"ते वाहनं नाय, बाय. रातभर उजेड केला तिनं. तिला उकिरड्यावर कशी टाकायची? म्हून ठेवायची."

सफारीवाला अजून हार मानत नव्हता. वर जाळी असेल, खाली खाण असेल, दोन्ही असू शकते.  तेवढ्यात गोमाबाईंनी घरातून यजमानांची जुनी बत्ती आणवली. शेवटची मँटल अजून तिच्या आत होती. मी यंत्र तिच्या काचेजवळ नेले. तडतड तडतड. सगळे मागे सरकले, मग पुढे आले. गोमाबाईंनी बत्ती उचलली आणि सफारीवाल्यासमोर धरली.

"ही न्या तुमी. हिच्यात हाय तुमचं युरेनियम. हिचा सातबारा नाय, अंगठा बी नको."

आधी एक म्हातारा हसला, मग बायका, मग सगळा पाडा. बबन तर टेम्पोला टेकून रडेपर्यंत हसला. हसणाऱ्या माणसांना भीती घालणे कठीण असते. सफारीवाला थोडा वेळ कागद चाळत उभा राहिला, मग बुटावरची धूळ झाडून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तालुक्याला कोणी गेले नाही.

जाताना गोमाबाईंनी मला एक फिल्म मागितली. कशाला, तर त्यांच्याकडे यजमानांचा फोटो नव्हता. मी म्हणाले, यात ते कुठे आहेत? त्या म्हणाल्या, "त्यांच्या हातची हाय ना." मी सगळ्यात स्पष्ट आलेली निवडून दिली.

पुढे पाड्यावर वीज आली. शेठ गेले, कारखान्याच्या जागी जीन्सचे दुकान झाले, डॉक्टर हरेश मुलाकडे परदेशी गेले. टोकाच्या घराच्या रानात आता बंगले आहेत आणि पोहण्याचा निळा हौद आहे. गोमाबाईही गेल्या. मागच्या वर्षी मी बऱ्याच काळाने तिकडे जाऊन आले. त्यांची दोन्ही खाचरे त्यांच्या सुनेकडे आहेत. तिथे अजून भात होतो, अजूनही वर्षभर पुरत नाही.

तुमची,
आजी